जुळारी दुसऱ्या मजल्यावर

मे महिन्यातला रविवार. पारा पंचेचाळीसच्या वर,
बजाजनगरच्या रस्त्यावर कुत्रंही सावली सोडत नव्हतं.
मी वर गेलो तो फक्त एक्स्टेन्शन बोर्ड द्यायला.
खाली माझं झेरॉक्सचं दुकान, वर क्लासची खोली,
तिथं पंधरावीस पोरं, एक घरघरता कूलर
आणि पडद्यावर दोनच ओळी:

अ = ३
ब = अ + ४

"एवढ्यासाठी जमले का बे?"
ओठांवर आलं होतं. गिळलं.

प्राचिती उके बोलत होती. ओढणीनं बांधलेलं तोंड
अजून अर्धंच सोडलेलं.
म्हणाली, आपण वाचतो तशी ही ओळ आत वाचली जात नाही.
आधी तिचे तुकडे पडतात.
अ सुटा. बरोबरचं चिन्ह सुटं. तीन सुटा.
मग तुकड्यांचं झाड, बुंधा वर, फांद्या खाली.
मग झाडाच्या आज्ञा होतात, एकीखाली एक,
आणि आत कुणीतरी बसलेला असतो, त्याला एकच काम:
पुढची उचल. कर.
पुढची उचल.

मी दारातच बसलो.

कारण तो मी होतो.
एकोणीस वर्षं, इतवारीत, छापखान्याच्या मागच्या खोलीत,
डाव्या हातात स्टिक, उजवा हात केसवर
(केस म्हणजे खिळ्यांचे खण. डोक्यावरचेही तेव्हा होते).
क उचल. काना उचल. अर्थ विचारायचा नाही.
लग्नपत्रिका असो, निवडणुकीचं पत्रक असो, तेरवीचं कार्ड असो,
बोटांना सगळं सारखंच थंड.

ती म्हणाली, लहान आकडे आधीच घडवून ठेवलेले असतात.
ज्याला तीन लागेल, त्याला तोच तीन.
हे तर मला कुणी सांगायला नको होतं.
तेरवीतला 'श' धुऊन पुसून
दुसऱ्या दिवशी शुभविवाहात उभा राहायचा,
चेहऱ्यावर काही नाही.

तन्मय लांजेवारनं विचारलं, वापरून झालेल्याचं काय?
प्रत्येक वस्तू मोजत असते, ती म्हणाली,
आपल्याला किती नावांनी धरून ठेवलंय.
मोजणी शून्यावर आली की जागा मोकळी.
"म्हणजे झिरो माइलला उतरली," मागून कुणीतरी.
सगळे हसले. मीही.

पण कधी कधी, ती म्हणाली,
दोनच वस्तू एकमेकींना धरून असतात.
बाहेरून कुणीच नाही. तरी शून्य होत नाही,
एक आणि एक.
मग अधूनमधून एक झाडणारा फिरतो, तो विचारतो,
यांना बाहेरचं कुणी ओळखतं का?

कूलरचं पाणी संपत आलं होतं. टपटप थांबली.
मी हात वर केला. "ळ संपला तर?"

पोरं बघत राहिली.
आमच्याकडे ळ नेहमी कमी पडायचा, मी म्हणालो,
काळे, शेवाळकर, टिळक पुतळा, एकाच पानात आले की पंचाईत.
ती थोडं थांबली. "जागाच संपली तर, असं म्हणताय ना काका?
तर तिथंच थांबतं. तसं सांगून थांबतं."
"आम्ही शेजारच्या छापखान्यातून उसना आणत होतो."
तिनं ते वहीत लिहून घेतलं. काहून, कोण जाणे.

खाली आलो. काउंटरखालचा ड्रॉवर ओढला.
छापखाना बंद झाला त्या रात्रीचं पान,
जुळवलेलं, सुतळीनं आवळलेलं, कधीच न छापलेलं.
नियमानं ते त्याच रात्री सोडायचं होतं,
एकेक खिळा आपापल्या खणात.

हेडाऊला फोन लावला. मशीन तो चालवायचा.
आता त्याच्या डोळ्यांची मी चौकशी करतो,
माझ्या दुकानाची तो करतो,
आणखी कुणाचा फोन दोघांनाही येत नाही.

"ते पान अजून आहे बे माझ्यापाशी."
"सोडलं नाहीस?"
"नाही."
पलीकडं पंख्याचा आवाज, बराच वेळ.
"मग राहू दे."