चढण

औलू, जानेवारी. बाहेर उणे एकवीस.
टेबलावर बर्फ मोजणाऱ्या बोयाचं पोट उघडं.
वाप्पू तिसऱ्या रात्रीही तेच बघतेय:
व्होल्टेज चढतं, दोनच्या जरा वर जातं,
पाय घसरल्यासारखं खाली येतं,
पुन्हा चढतं.
ऑसिलोस्कोपवर करवतीचे दात.

दहा नॅनोफॅरडचा कपॅसिटर काढला, बावीसचा लावला,
मग सत्तेचाळीसचा.
हळू, अजून हळू, ती पुटपुटते,
स्केट्सवर पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या पोराला सांगावं तसं.
दात नुसते रुंद झाले.

हेइमो आला.
निवृत्तीला चार वर्षं झाली, किल्ली अजून त्याच्याकडेच.
त्याने कॉफी ओतली, पडद्याकडे पाहत राहिला,
इतका वेळ की वाप्पूला वाटलं, झोपला.
मग म्हणाला,
"आणि रेडिओ कधी जागा होतो?"

रेडिओ!
तो दोन व्होल्टलाच जागा होत होता,
पान वाढून व्हायच्या आत ताटात हात.
थंडीने मलूल बॅटरी त्या एका घासाला बसायची,
रेग्युलेटर बिचारा पुन्हा पहिल्या पायरीवर.
आणि ती तीन रात्री
वाढणाऱ्यालाच दटावत होती.

एक तार.
'आता ठीक आहे' म्हणणाऱ्या पिनेपासून
रेडिओच्या झोपेपर्यंत.
बोया बाल्कनीत, बर्फावर ठेवला.
रेघ चढली. तीन पूर्णांक तीनवर टेकली.
मग रेडिओ उठला; रेघ किंचित वाकली,
सावरली.

सत्तेचाळीसचा तसाच राहिला. कोण काढणार आता.
हेइमोने कप विसळला, टोपी कानांवर ओढली.
किल्लीचा विषय
याही वेळी कुणी काढला नाही.