खांड

अवसेच्या उधाणात धरमतरकडचा बांध फुटला.
खांड बुजवायला हजेरीपटावर सतरा नावं,
त्यातलं एक आंबी मुकणे.
कंबरभर खाऱ्या पाण्यात
चिखलाचे गोळे हातोहात.
बांधाआतली शेतं पाटलांची, म्हात्र्यांची.

मजुरी आली दीड महिन्याने, खात्यात.
मशीन म्हणतं, ठसा जुळत नाही.
मी तिचा अंगठा ओल्या फडक्याने पुसतो,
खोबरेल लावतो, परत टेकवतो.
गुळगुळीत. खाडीतल्या शिंपीसारखा.
सातबारा तिला कधी नव्हताच,
आता रेघाही नाहीत.

"सोमवारी ये," म्हणतो.
दुसरं काय म्हणणार?

त्याच अंगठ्याने ती पेरं मोजते.
"सोमवारी आठम. भांगाचं पाणी.
बांध काय फुटायचा नाय.
रिकामीच हाय मी.
येते."