विरजण

खाण बुजवली त्या वर्षी मी त्यांना घरी आणलं.
रबाळ्याच्या डोंगरात खोल कोरलेला तो चौकोन,
तळाशी हिरवं पाणी, आणि पाण्यात
हिवताप खात्यातल्या कुणीतरी
कधीकाळी बादलीभर सोडलेले गप्पी.
बाबांनी तिथे एकवीस वर्षं दगड फोडला.
सांगायचे, सुरुंग उडाला की मासे आधी दडतात,
मग सगळे मिळून वर येतात,
काय झालं ते बघायला.

डंपर राडारोडा ओतत होते.
मी चहाच्या गाळणीनं अकरा धरले.
चार माद्या, त्यातली एक पाठीत वाकडी.

कोपरखैरणेत तिसऱ्या माळ्यावर, ग्रिलमध्ये टाकी आहे.
नर नखाएवढा: खांद्याशी शाईचा ठिपका,
पोटाजवळ हळदीचा, शेपूट आखूड,
कापड कमी पडल्यासारखी.
मादी पाण्याच्याच रंगाची.
ऐरोलीचा दुकानदार म्हणाला,
ताई, हे आम्ही मोठ्या माशांना चारा घालतो.

मी काचेवर चिकटपट्टी लावली: रबाळे खाण. खाली साल.
त्यांचं मूळ गाव समुद्रापलीकडचं, माहीत आहे मला.
आमचंही रबाळे नव्हेच. सोलापूरकडचं,
आणि त्याआधीचं विचारायला आता कुणी नाही.

हे अंडी घालत नाहीत.
मादीच्या पोटामागचा डाग काळवंडत जातो,
पोट चौकोनी होतं, आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पहाटे
दुमडलेलं पोर बाहेर पडतं, डोळे उघडे.
क्षणभर बुडतं. मग पळतं.
पळावंच लागतं. आई वळून बघते
ती मायेनं नाही.
म्हणून शेवाळ दाट ठेवते मी.

दिवाळीच्या सुट्टीत समोरच्या ओजसनं
त्याचा लाल शेपटीचा नर आणून सोडला माझ्या टाकीत.
"एकटा होता तो, काकू. इथे किती जण आहेत."
दुपारभर पडदा फडकवत हिंडला.
संध्याकाळी काढला. ओजसला रागावले नाही, खारी दिली.

पण माद्या एका भेटीचं बीज
महिनोन्‌महिने साठवून ठेवतात.
नर समोर नसला तरी वीत राहतात.
मी पॅथॉलॉजीत काम करते, रोज
लोकांच्या रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवते.
एक नळी इकडची तिकडे झाली की
किती घरं जागी राहतात, ते पाहिलंय.

दीडेक महिन्याच्या एका पोराच्या शेपटीला
कुंकवाचं बोट लागल्यासारखं दिसलं.
आठवड्यानं आणखी तिघांच्या.
मी चिकटपट्टी काढली. गोंद राहिला.

तेव्हा ठाण्यातला, चेंदणीचा ऑल्विन परेरा आठवला.
तीन वर्षांपूर्वी सहा जोड्या नेल्या होत्या त्यानं.
मीच दिल्या होत्या:
सगळं एकाच टाकीत ठेवू नये, वीज जाते.
रविवारी स्टीलचा डबा घेऊन निघाले,
आपल्याच घरचं विरजण
शेजारी मागायला जावं तशी.

गच्चीवर सिमेंटचा हौद. त्यात दीडशे तरी असतील,
आखूड शेपटीचे, ठिपका जागच्या जागी.
हौदाच्या कडेला खडूनं लिहिलेलं:
विटकरबाईंचे.
"आणि खाणीचं नाव?" मी विचारलं.
"ते विसरलो," ऑल्विन म्हणाला,
आणि गाळणी शोधायला खाली गेला.

सात दिले. पैसे घेतले नाहीत, वर बोंबलाची चटणी.
परतीच्या बसमध्ये डबा मांडीवर.
वळणावळणाला आत काहीतरी हलकंसं टकटकायचं,
बोटांना कळेल इतकंच.

रबाळ्याला बस थांबली.
चढणारे चढले. मी उतरले नाही.
उगाच, झाकण तेवढं
जरा किलकिलं केलं.