एक सूत डावीकडं

लक्ष्मीपुरीत, मुजावरांच्या फ्लेक्सच्या दुकानात
रात्री साडेअकराला मशीन तापतं
आणि शाईचा वास ओढणीत मुरतो.
घरी आई म्हणते, रॉकेलनं न्हाऊन आलीस का?

दिवसा कॉलेजात ग्रिड, समास, मोकळी जागा.
निंबाळकर मॅडम म्हणतात, जागेला श्वास घेऊ द्या.
रात्री गिऱ्हाईक म्हणतं,
ताई, ही जागा रिकामी का ठेवलीया?
पैसे पुऱ्या फ्लेक्सचे दिल्यात.
हितं बसतील की अजून चार पोरं.
मग मी बसवते चार पोरं.
चौघांना गॉगल, चौघांना सारखाच गोल,
कुणाचं तोंड कुणापेक्षा लहान नको,
नाहीतर तालमीत भांडणं.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट घेतलाय अक्षरसंचाचा.
कोल्हापूरचा असा.
म्हणजे नेमका कसा, ते मलाच ठाऊक नाही.
म्हणून फिरले मोबाईल घेऊन,
तालमीच्या भिंती, बंद टॉकीजची पाटी,
गंगावेशीत खानावळीचा फळा:
आज तांबडा संपला.
'ला' फळ्यात मावला नव्हता,
तो खडूनं भिंतीवर गेला होता, बिनधास्त.
तो 'ला' मी तसाच घेतला.

सगळी बाराखडी जमली. अडला तो ळ.
मगदूम अण्णांच्या गुळाचं लेबल करायचं होतं
आणि ळ कधी पडलेली सायकल दिसायचा,
कधी कुणाचा तरी चष्मा.
मॅडम म्हणाल्या, दोन पोटं आहेत खरी,
पण जेवलेलं एकच दिसतंय.
दोन महिने. चौसष्ट ळ.

बाबा उद्यमनगरात लेथवर.
जेवताना ताटाशेजारी प्रिंट पडली होती, ए-थ्री, एकच अक्षर.
त्यांनी ती उचलली, हात धुवायच्या आधीच,
डाव्या हातानं, दिव्यासमोर धरली,
अंगठ्याचं नख वळणावरून फिरवलं.
उजवी गाठ एक सूत डावीकडं घे, म्हणाले,
वजन खाली उतरंना झालंय.
बेअरिंगबद्दल बोलावं तसं.
मग आमटी मागितली.

एक सूत घेतलं.
ळ उभा राहिला.

त्याच बुधवारी, दुकान मिटता मिटता
चौघांतले तिघे आले. गॉगल नव्हते.
धैर्याचा फोटो असंल ना तुमच्याकडं?
होता. 'वाढदिवस फायनल नवीन ३'.
केक काढला, फटाके काढले, मागचा वाघ काढला,
गॉगल निघेना.
गॉगलच्या मागं डोळे नसतात, हे
आजवर कधी लक्षात आलं नव्हतं.
दुसरा एखादा फोटो?
एकानं पाकिटातून ओळखपत्र काढलं, आयटीआयचं.
नखाएवढा चेहरा. मोठा करत गेले तसा
दाण्यादाण्याचा होत गेला,
पण बघत होता.

खाली नाव टाकलं, माझ्याच अक्षरात.
धैर्यशील माळी.
बाकी सगळं पांढरं सोडलं
आणि वाट बघितली, कोण म्हणतंय
ही जागा रिकामी का ठेवलीया.
कुणी म्हणालं नाही.
मुजावर चाचांनी पैसे घेतले नाहीत,
मशीन मात्र दोनदा पुसलं.

ज्युरीतल्या पाहुण्यांनी विचारलं,
हा टाईप प्रत्यक्षात कुठे वापरलाय?
मी म्हणाले, गुळाच्या लेबलवर.
अण्णांनी नंतर ते लाल करून घेतलं, सोनेरी कडेसकट,
तेही सांगितलं. सगळे हसले.
दुसरं सांगितलं नाही.

चौकातला तो फ्लेक्स तेराव्यानंतर उतरला.
फ्लेक्स कुणी टाकून देत नाही आमच्याकडं.
आता तो कुठल्या तरी गोठ्यावर ताणलेला असणार,
कोरी बाजू वर, आभाळाकडं,
आणि अक्षरं खाली,
धार काढायच्या वेळी
म्हशींच्या पाठीवर.