उसना गडी

वीज मंडळाकडे दहाच जण.
त्यांचा अकरावा झाडे, हुडकेश्वरला ट्रान्सफॉर्मर उडाला म्हणून
एक बूट घालून, एक हातात घेऊन निघून गेला.
"एक गडी द्या ना," मेश्राम म्हणाले,
शेजारणीनं वाटीभर साखर मागावी तसं.
आणि आमच्या गांधीबागेतल्या सगळ्या औषधवाल्यांनी
एकदम माझ्याकडे पाहिलं.

तीन वर्षांत मी एकही झेल धरलेला नाही.
गोळ्यांच्या पट्ट्या अंधारातही बिनचूक मोजणारे हे हात
चेंडू येताना दिसला की कुणा दुसऱ्याचे होतात.
ढोमणेभाऊ, आमचा कॅप्टन, बॅटच्या मुठीला
इंजेक्शनच्या खोक्याची चिकटपट्टी गुंडाळत होता.
"न्या याले. तेवढाच आमचा फायदा."
सगळे हसले. मीही हसलो,
त्यात मला बराच सराव आहे.

मे महिना. साडेसहा वाजले तरी रेशीमबागेचं मैदान
भाकरी उतरवून घेतलेल्या तव्यासारखं.
डोक्याला दुपट्टा,
आणि शर्टाच्या खिशात कांदा, उन्ह लागू नये म्हणून
बायकोनं सकाळी टाकलेला,
काऊंटरवर दिवसभर माझ्यासोबत बसलेला.
मला लाँग ऑनला धाडलं,
जिथं मैदान संपतं आणि गुपचूपवाल्याचा ठेला लागतो.
तिथून सामना ऐकू येत नाही,
फक्त बॅट हलताना दिसते, मग आवाज येतो,
मग कुणीतरी कुणाला तरी "बे" म्हणतं.

शेवटची ओव्हर. सहा चेंडू, नऊ धावा.
ढोमणेभाऊ अठ्ठावीसवर.
मैदानाच्या कडेचे दिवे लागले. ते सुद्धा वीज मंडळाचेच.
फिरोजनं हळू टाकला,
भाऊनं गुडघा टेकून उचलला,
चेंडू दिव्यांच्या वर गेला
आणि नाहीसाच झाला.

वर काहीच नव्हतं.
गुपचूपवाल्याचा हात मडक्यात तसाच थांबला.
आमच्या बाजूनं ओळखीचं हसू सुरू झालं होतं,
आणि समोरून ते दहा लोक,
ज्यांना माझं नावही ठाऊक नव्हतं,
ओरडत होते, "तुझाच! तुझाच!"
असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.
आमच्याकडे अशा वेळी "गेला बे" म्हणतात.

चेंडू काळोखातून बाहेर आला, हातांवर आपटला,
हातांतून छातीवर,
मी दोन्ही कोपरं मिटून घेतली
चोर शिरल्यावर दारं लावतात तशी.
कांदा फुटला.
चेंडू राहिला.

मग ते येऊन कोसळले माझ्यावर. घाम, बिडीचा वास,
मेश्रामांची टेस्टर खोचलेली पँट.
"वा रे औषधवाले!"
माझ्या पाठीवर इतक्या थापा
लग्नातही पडल्या नव्हत्या.

चार धावांनी हरलो आम्ही. म्हणजे ते जिंकले. म्हणजे
मला नीट सांगता येत नाही.
वहीत त्यांच्या पोरानं लिहिलं होतं:
ढोमणे, झे. उसना, गो. फिरोज, २८.

मानेवाड्याला मी रोज भाऊच्याच गाडीवर मागे बसून जातो.
आजही बसलो. दुसरं जाणार कशानं?
तुकडोजी पुतळ्यापर्यंत तो बोलला नाही.
सिग्नलला गाडी बंद केली, पुन्हा सुरू केली.
पुढं एका रसवंतीपाशी थांबला,
दोन ग्लास सांगितले, बर्फ कमी,
आणि चरकाकडे पाहत म्हणाला,
"आपल्याकडून काहून नाही धरत बे?"

चरकाचे घुंगरू वाजत राहिले.
माझ्याकडे उत्तर होतं. ते द्यायचं
म्हणजे तीन वर्षांचा हिशेब काढावा लागला असता,
आणि भाऊनं पैसे आधीच देऊन टाकले होते.

"रडून राह्यला का तू?"
"नाही भाऊ. कांदा हाये."
त्यानं खिशात डोकावून पाहिलं.
खरंच होता.