शुद्धिपत्र

पाच मिनिटांची एक पाळी असते प्रतिवेदकाची.
पाच मिनिटं नुसतं कान व्हायचं, मग उठायचं.
दुसरा येऊन बसतो, आणि बोलणाऱ्याचं वाक्य
त्याच्या वहीत जाऊन पूर्ण होतं.
म्हणून सयत्राबाई गेडाम यांची भाषणं
माझ्याजवळ सगळी अर्धीच आहेत.

डिसेंबर. सिव्हिल लाइन्सच्या झाडांखाली
मुंबईहून आलेल्या गाड्या धुतल्या जात होत्या.
टेकडी रोडवर मोर्चा अडवलेला.
आणि आत, अगदी मागच्या बाकावर,
आमदार निवासातल्या गार पाण्यानं अंघोळ करून आलेली ती,
खांद्यावर शाल, हातात कागद नाही.

"अध्यक्ष महाराज, लुगडं वाळू घातलं
का झटकूनच नेसा लागते जी, एवढी राख पडते.
पोट्टे खोकलतेत रातभर."
मी लिहिलं: वाळत घातलेली वस्त्रे राखेने मलिन होतात,
मुलांना श्वसनाचा त्रास होतो.
प्रमाण भाषा. तेच माझं काम,
आणि ते मी नीट करायचो, याचा मला अभिमान होता.
हशा लिहायला माझ्याकडे खूण होती,
अडथळ्याला होती, घंटीलाही होती.
खोकल्याला नव्हती.
बोलता बोलता ती तीनदा खोकली.
वहीत तिथं काहीच नाही.

तारांकित प्रश्न होता तिचा:
खैरडोहच्या ओढ्यात राख सोडली जाते, हे खरे आहे काय?
उत्तर आलं: हे अंशतः खरे आहे.
"अंशतः म्हंजे कोन्ता अंश जी?
वरचं पानी का खालचं?"
हशा. तो मात्र लिहिला मी.
नसल्यास, विलंबाची कारणे काय?
प्रश्न उद्भवत नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं कुंकवाची डबी आणली,
उघडून ठेवली बाकावर. करडी भुकटी, चिमूटभर.
कामकाजातून काढून टाकण्यात यावे, असा आदेश झाला.
मी ओळ खोडली. डबी शिपायानं नेली.
पंख्याच्या वाऱ्यानं जे उडालं ते
कुणाच्या आदेशानं खाली बसलं नाही.

एकदा एक मंत्री नाग नदीला नाला म्हणाले.
औचित्याचा मुद्दा! पदर खोचून ती उभी.
"जिच्यावरून शहराचं नाव पडलं,
तिले तुमी नाला म्हनसान,
तं मंग शहराले काय म्हनाचं आमी?"

आणि तो गटारात उतरलेल्या तिघांचा दिवस.
निवेदनात होतं: तीन कंत्राटी कामगार.
वारसांना नियमानुसार.
ती म्हणाली, नावं हायेत त्यायले, अध्यक्ष महाराज,
आणि नावं घेऊ लागली. सुखचंद. बिरजू.
तिसरं घेता घेता माझी पाळी संपली.
माझ्या जागेवर बसलेल्या शिरसाटांना गोंधळात ऐकू आलं नाही.
छापील कार्यवाहीत तिथं टिंबं आहेत.
मला आलं होतं ऐकू.
दारापर्यंत पोचलो होतो. वळलो नाही.
पाळी संपल्यावर ऐकलेलं आपलं नसतं,
असं मला शिकवलं होतं.

पुढच्या निवडणुकीत ती पडली.
मीही निवृत्त झालो, शाल-श्रीफळ घेऊन.
एकदा बर्डीवर दिसली, संत्र्यांचा भाव करत होती.
नमस्कार केला. तिनं ओळखलं नाही.
पाच-पाच मिनिटं खाली मान घालून बसलेल्याचा
चेहरा कुणाला दिसतो?

छापून यायचं नाही हे, तशी तरतूद नाही.
तरी, वस्त्रेच्या ऐवजी लुगडं वाचावं.
मुलेच्या ऐवजी पोट्टे.
टिंबांच्या जागी झनकलाल समुंद्रे.
कोऱ्या जागा दिसल्या तर
तिथं थोडं थांबून, घसा खाकरून, पुढे जावं.
आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी
मी न चुकता गाळलेलं
जी.