ण

तुर्भ्याच्या शाळेत जिन्याखालची खोली आमची.
पूर्वी बालवाडी म्हणत, आता दारावर ज्युनियर केजी रंगवलंय.
मला मिळतं त्याला मात्र अजून मानधनच म्हणतात.

भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता. पहिल्याच चौकटीत अडलो.
अ अननसाचा, म्हटलं मी,
तर ओजस शेवाळे उठला, तक्त्यापाशी गेला, मान वाकडी करून बघितलं:
बाई, हा उभा का ठेवलाय?
त्याचे वडील फळ मार्केटात माथाडी.
गाडीत अननस आडवे येतात, गवतात,
आणि उतरवताना टोचतात, आणि रात्री पप्पा हाताला खोबरेल लावतात,
आणि मम्मी म्हणते, गादीला पुसू नका.
त्या दिवशी अ च्या पुढे आम्ही गेलोच नाही.

एका उंदराला इथे चार नावं आहेत.
उंदीर, चूहा, मूस, इली.
चौघांनाही तो दिसतो एकाच कोपऱ्यात,
खिचडीच्या तांदळाच्या पोत्यामागे.

आणि जीविका मढवी.
तुर्भे गावातली, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आधीची;
हिच्या पणजोबांचं भात इथे, या फरशीखाली, पिकायचं म्हणतात.
जूनपासून एक शब्द नाही.
रडत नाही, चावत नाही, डबा संपवते,
मणी ओवते लाल, पिवळा, लाल, पिवळा,
कुणाचे बूट उलटसुलट असले तर खाली बसून गुपचूप बदलते.
हजेरीत नाव आलं की रुमालाची पिन चाचपते.
तेवढ्यावर मी ह लिहिते.

बेलापूरच्या प्रशिक्षणात फॉर्म दिला होता.
रकाना सातवा: मूल स्वतःहून बोलायला सुरुवात करते.
होय. नाही. कधीकधी.
पेन तसंच धरून बसले.

मग दुपारी, मुलं गेल्यावर, फळा पुसताना
तक्त्यातल्या त्या चौकटीकडे नजर गेली. ण बाणाचा.
बिचाऱ्याला स्वतःचा शब्दच नाही,
बाणाचं शेपूट धरून उभा.
याच्यापासून काही सुरू होत नाही.
पण लोणी घ्या, कणीक घ्या, कोण, आपण,
आणि तो आणि, ज्याच्यावाचून ओजसची एकही गोष्ट पुढे सरकत नाही,
त्यातही हा असतोच, मांडी घालून, गप्प.
मला फार बरं वाटलं.
ठरवून टाकलं, ही माझी ण.
थांबू. मध्येच कुठेतरी येईल.
घरी जाताना रिक्षात एकटीच हसत होते,
आपल्याला काही सुचलं की माणूस असा मूर्खासारखा हसतो.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी पाणी मोजायचा खेळ.
एक बादली, तीन ग्लास, माझ्या घरचा तांब्या.
अय्यप्पा राठोडने तांब्या पोटाशी धरलेला, कुणालाच देईना.
तिने त्याचं मनगट पकडलं,
आणि नळावरच्या भांडणाच्या खणखणीत आवाजात:
आरे, मना पन पानी दे!

पाच शब्द. एकातही ण नाही.
सुरुवात तर तिनेच केलेली.
माझं सगळं शहाणपण फरशीवरून मोरीकडे वाहत गेलं.
फडकं आणायला म्हणून उठले, ते दारातच थांबले थोडा वेळ,
ओढणीने तोंड पुसत.

अय्यप्पाने दिला तांब्या.
तिला वाटलं असेल, अरेच्चा, इतकं सोपं आहे होय,
कारण तेव्हापासून ती थांबतच नाही.
पान्यात हात घालू नको, माज्या पिनेला लावू नको,
बाय, हा बग काय करतंय.

मार्चमध्ये साहेब येतील.
विचारतील, मुलीला न आणि ण कळत नाही का?
कळेल की. पहिलीत. वर, चौदा पायऱ्यांनंतर.
इथे खाली अजून ओलं आहे, जपून या.

सातव्या रकान्यात होय वर
पेन दोनदा फिरवते आहे मी
आणि ओजस पुन्हा तक्त्यापाशी, मान वाकडी:
बाई, बाण कसा ठेवतात?
उभा की आडवा?